वाइन, जेवण आणि नाशिकचा निवांत दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकची. थंडी पडायला लागली की फोन सुरू होतात: "शनिवारी येतोय गं, कुठे जायचं, काय घ्यायचं, खायचं काय?" त्याच प्रश्नांची ही उत्तरं. माझं एक ठाम मत आधीच सांगते, कारण ते पुढे सगळीकडे डोकावणार आहे. वाइन जेवणाबरोबर आणि गप्पांबरोबर घ्यायची असते. जेवणाआधी घाईघाईने संपवायची असेल तर तिच्यावर पैसे घालवू नयेत.

वाइनसाठी नाशिकच का?

द्राक्ष इथे आधीपासून होतंच. ओझर, निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या बागायतदारांचे हात खायच्या द्राक्षांवर तयार झालेले. छाटणी कधी करायची, कलम कसं बांधायचं, डावणी आणि भुरी हे रोग कसे ओळखायचे, हे सगळं त्यांना पाठ. जोडीला समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंची, गंगापूर-पालखेडसारख्या धरणांचं पाणी आणि थंडीतल्या गारठलेल्या रात्री. निफाडला पारा फारच उतरला की शेतकरी द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, इतकी ती थंडी खरी असते.

आधुनिक वाइनमधलं महाराष्ट्रातलं पहिलं मोठं नाव मात्र नारायणगावचं. शामराव चौगुले यांच्या इंडाजने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसती वाइन केली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशात विकली. नाशिकची गोष्ट त्यानंतरच्या दशकातली. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या, आणि २००० साली 'सुला'च्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला अबकारी करात सवलत मिळाली, विंचूरला वाइन पार्क झालं. मग एकापाठोपाठ एक वायनरी, म्हणजे वाइनचे कारखाने, उभ्या राहिल्या. आज 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे.

पण मला या सगळ्यात सगळ्यात विलक्षण वाटते ती छाटणी. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात, वसंतात पुन्हा फुटते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिच्यातून घड येतो. फ्रान्समध्ये तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उरकते, आपली चालते जानेवारी ते मार्च. म्हणजे आपला माल ऐन थंडीत पिकतो. दिवसा उन्हाने साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. ही साखर आणि हा आंबटपणा यांचा मेळ म्हणजेच वाइनची अर्धी चव. परदेशातून आलेलं पीक आपल्या हवामानात असं उलट्या वेळापत्रकावर बसवणं ही फार मोठी कामगिरी आहे, आणि तिचं श्रेय बाटलीवरच्या नावाइतकंच बांधावरच्या माणसालाही आहे.

खायच्या द्राक्षांचीच वाइन करतात का?

नाही. बाजारात मिळणारं थॉमसनसारखं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं असतं. मणी फुगावा म्हणून त्याची विरळणी करतात, संजीवकं, म्हणजे वाढीची द्रव्यं, देतात. वाइनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. तोडणीच्या दिवसांत बागेत गेलात आणि मालकाने परवानगी दिली तर शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून सावकाश चावा. आधी गोडवा येतो, तोही खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त. मग साल चावताना जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर पडतात तशा. बोटांवर जांभळा डाग राहतो. लाल वाइनचा रंग आणि तो तुरटपणा या सालीतूनच येतो, म्हणून लाल वाइन सालींसकट आंबवतात आणि पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच वेगळा काढून घेतात.

नाशिकला यायला कोणता महिना चांगला?

जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. बागेत घड असतात, पहाटेच्या गारव्यात तोडणी चाललेली असते, ट्रॅक्टरमधून क्रेट येत असतात, टाक्यांतून आंबणाऱ्या रसाचा वास दरवळत असतो. वायनरी काम करताना बघायची तर हेच दिवस.

पावसाळ्यात बाग नुसती हिरवी दिसते, टाक्या शांत असतात. पण अंजनेरी, ब्रह्मगिरी, इगतपुरीचे डोंगर तेव्हाच बघावेत. वाइन हे निमित्त आणि डोंगर हे खरं कारण असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये या. मे महिन्यात येऊ नका, दुपारी बाहेर बसवत नाही. आणि २०२६ ते २०२८ हा सिंहस्थाचा काळ आहे. पर्वणीच्या तारखा बघून मगच बेत ठरवा, त्या दिवसांत शहरात गाडी हलत नाही.

एका दिवसात किती वायनरी होतात?

एक. फार तर दोन. लोक यादी घेऊन येतात, चार ठिकाणी फोटो काढतात, आणि संध्याकाळी विचारलं की कोणती आवडली, तर आठवत नाही. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काहीच वेगळं कळत नाही, हे अनुभवी माणसाचंही होतं.

माझ्या पाहुण्यांचा दिवस मी असा लावते. सकाळी लवकर पंचवटीत जायचं, काळाराम मंदिर बघायचं. १९३०चा डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह ज्या दरवाजापाशी झाला तिथे दोन मिनिटं थांबायचं. मग गंगापूर रस्त्याच्या बाजूला चुलीवरची मिसळ. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याच्या रश्श्याची, तर्री वेगळी वाढतात, सोबत दही आणि पापड. इथे पोटभर खावं, कारण रिकाम्या पोटी टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखायला, जाणं ही सगळ्यात वाईट कल्पना. दुपारी झोप. खरंच झोप, फोन बाजूला ठेवून. सुट्टीत दुपारची झोप काढायला आपण उगाच लाजतो.

चारच्या सुमाराला निघायचं. ऊन उतरलेलं असतं. गंगावऱ्हे, सावरगावच्या बाजूला गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी वायनरी आहेत. सुला आहे, यॉर्क आहे, सोमा आहे. सुलामध्ये गर्दी असते, शनिवार-रविवारी तर जत्राच. पण पहिल्यांदा येणाऱ्याला सगळी प्रक्रिया नीट समजावून सांगतात, त्यामुळे नवख्यांना मी तिथेच नेते. निवांत बसायचं असेल तर आठवड्यातला मधला दिवस काढून यॉर्कला जावं. इगतपुरीकडून येणार असाल तर सांजेगावच्या बाजूला ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोन आहेत. दिंडोरीला शांदों आहे, ते मुख्यतः फसफसत्या वाइनचं घर. निफाडच्या कुंदेवाडीला रिव्हेलो इटालियन जातींची द्राक्षं लावतात. जायच्या आधी फोन करून वेळ ठरवून घ्यावी, लहान ठिकाणी तर नक्कीच.

दुसरा दिवस हातात असेल तर पहाटे नांदूर मध्यमेश्वरला जा. निफाड तालुक्यातलं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२०मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे पाण्यावर बदकांचे थवे उतरलेले असतात. दुर्बीण न्या, गरम कपडे न्या, आणि मोठ्याने बोलू नका.

टेस्टिंगमध्ये नेमकं काय करायचं? सगळे बघत असतात, संकोच वाटतो.

संकोचाचं काही कारण नाही. समोर चार-पाच ग्लास येतात, प्रत्येकात दोन-तीन घोट. ग्लास दांडीला धरावा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. आधी नुसता वास घ्यावा. मग ग्लास टेबलावर ठेवूनच हलका गोल फिरवावा आणि पुन्हा वास घ्यावा. दुसऱ्या वेळी वास जास्त मोकळा येतो. घोट तोंडात घेतला की लगेच गिळू नये, जिभेवर सगळीकडे फिरू द्यावा.

आणि वासाचं वर्णन करताना परदेशी फळांची नावं पाठ करू नका. आपल्या नाकाला आपली फळं ओळखता येतात. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये मला कच्चा पेरू आणि हिरवी ढोबळी मिरची सापडते. शेनिन ब्लाँमध्ये पिकलेला पेरू, कधी अननस. शिराझमध्ये जांभूळ, करवंद आणि मागाहून मिरी. मिरीचा वास शिराझमध्ये जगभर सापडतो, तो काही भास नाही. त्या द्राक्षाच्या सालीत मिरीतलाच एक सुगंधी घटक असतो.

सगळं पिऊन टाकलंच पाहिजे असं नाही. चव घेऊन उरलेली वाइन ओतून द्यायला भांडं मागून घ्या. तिथल्या मुलांना त्यात वावगं काहीच वाटत नाही.

आपल्या तिखट जेवणाबरोबर वाइन जातेच कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त आवडतो. जाते. पण कोणती, हे कळायला हवं.

तिखटाचा नियम आधी लक्षात घ्या. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि साखरेने, गारव्याने कमी होते. लाल वाइनचा तुरटपणा मिरचीबरोबर कडवट लागतो. म्हणून झणझणीत रश्श्याबरोबर जड, तुरट कॅबरने घेतली तर दोन्हींची चव जाते. मग माणूस म्हणतो, वाइन आपल्या जेवणाला चालत नाही. चूक वाइनची नसते, जोडीची असते.

मिसळ, पाटोड्यांची आमटी, शेव भाजी असं तर्रीचं काही असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, चांगली गार करून. खानदेशी भरताबरोबरही हीच. हिरव्या मिरचीचं, पातीच्या कांद्याचं, विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. थंडीतला हा बेत आणि गार शेनिन, यापेक्षा मला दुसरं काही नको असतं.

बोंबील फ्रायबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ. रव्याचं कुरकुरीत कवच, आतला लुसलुशीत मासा, वरून लिंबू पिळायचं. ते लिंबाचं काम वाइनचा आंबटपणा करतो. कोथिंबीर वडीलाही हीच वाइन, कारण हिरव्या पाल्याचा वास दोन्हीत आहे. अळूवडीत चिंच-गूळ असतो, म्हणून तिथे पुन्हा शेनिन.

साबुदाणा वडा आणि फसफसती वाइन ही जोडी ऐकून लोक हसतात, खाऊन बघितल्यावर गप्प होतात. तळलेलं, खारट, बटाटा-शेंगदाण्याचं काहीही असो, बुडबुड्यांनी तोंडातलं तेल धुऊन निघतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. नाशिकच्या मेन रोडवरचे सायंतारा साबुदाणा वडे बांधून घ्या, घरी जाऊन बाटली उघडा. चिवड्याबरोबरही हेच जमतं. उपवासाच्या दिवशी मात्र हा प्रयोग नको, घरातल्यांच्या श्रद्धेचा मान ठेवावा.

मटणाच्या काळ्या रश्श्याला शिराझ. काळ्या मसाल्यात खोबरं आणि कांदा पार काळपट होईपर्यंत भाजलेला असतो, दगडफूल असतं, मिरी असते. शिराझमधला धुरकट, मिरमिरीत भाग त्याला थेट भिडतो. फक्त तिखट बेताचं ठेवा आणि मटण सुकं असेल तर आणखी चांगलं. भरल्या वांग्यांना, थालीपीठ-लोण्याला मी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घेते. दाण्याचं कूट आणि गोडा मसाला लाल वाइनला जड जातो, पांढरी त्यापुढे फिकी पडते, रोझे बरोबर मधे बसते.

हुरड्याचे दिवस आणि तोडणीचे दिवस जवळपास एकत्रच येतात. शेकोटीत भाजलेला कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि साधी, स्वस्त, गार रोझे. महागाची बाटली तिथे वाया जाते, मोकळ्या हवेत बारीक वास लागतच नाहीत.

काय जमत नाही तेही सांगते. लोणचं कुठल्याच वाइनबरोबर चालत नाही. सोलकढी आणि वाइन आलटून पालटून घेऊ नका, सोलकढी जेवणाच्या शेवटी तिच्या मानाने प्या. ताकाचंही तसंच.

गोडाबरोबर?

वाइन ही पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. आपली पक्वान्नं इतकी गोड की बहुतेक वाइन हरतात. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन मिळाली तर तुपाची धार सोडलेल्या पुरणपोळीबरोबर घोटभर घेऊन बघा. श्रीखंडाबरोबर मला अजून कुठलीच वाइन पटलेली नाही.

लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नसते ना?

हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी होता. तिथे खोलीचं तापमान १६ ते १८ अंश असायचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये घरात ३३ असतं. त्या तापमानाला लाल वाइन पातळ आणि जळजळीत लागते. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी आणि रोझे दोन-तीन तास. फसफसती त्याहून गार, आणि उघडताना बाटली वळवा, बूच वळवू नका, हात बुचावरच राहू दे.

उघडलेली बाटली किती टिकते?

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, लालसुद्धा. फसफसती दुसऱ्या दिवशी संपवावी. चव उतरली की फेकू नका, मटण किंवा मश्रूम मुरवायला वापरा.

जुनी तितकी चांगली, हे खरं का? आम्ही लग्नातली एक बाटली जपून ठेवली आहे.

आजच उघडा. जगातली बहुतेक वाइन लगेच प्यायलाच केलेली असते. आपली पांढरी वाइन तोडणीच्या वर्षापासून एक-दोन वर्षांत घ्यावी, साधी लाल तीन-चार वर्षांत. काही मोजक्या लाल वाइन त्याहून जास्त मुरतात. अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' किंवा ओकच्या पिंपात ठेवलेल्या राखीव शिराझसारख्या. पण त्यांनाही अंधारी, गार, हलत नसलेली जागा लागते. स्वयंपाकघरातल्या गॅसवरच्या कपाटात पाच उन्हाळे काढलेली बाटली मुरत नाही, शिजते.

दुकानातही हेच बघा. बाटलीवरचं वर्ष वाचा. शोकेसमधल्या दिव्याखाली उभी असलेली बाटली नको, आतल्या खोक्यातली मागा. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. ताज्या प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा चांगलं आहे.

वाइन शाकाहारी असते का?

द्राक्षाचा रस आणि यीस्ट एवढाच मूळ माल. पण वाइन स्वच्छ, नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरायची पद्धत आहे. तो गाळासकट तळाशी बसतो आणि काढून टाकतात. अनेक ठिकाणी त्याऐवजी बेंटोनाइट ही माती वापरतात. तुम्ही काटेकोर पाळत असाल तर वायनरीत सरळ विचारा, अशा प्रश्नाचं त्यांना नवल वाटत नाही.

रोज एक ग्लास तब्येतीला चांगला असतो, असं वाचलं होतं.

औषध म्हणून वाइन पिऊ नका. जानेवारी २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं सुरक्षित म्हणता येईल असं कुठलंच प्रमाण नाही. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, ती काही द्राक्षाचं सरबत नाही. गरोदरपणात नको, औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, घरात व्यसनाचा इतिहास असेल तर लांबच राहिलेलं उत्तम. मी घेते ती आनंदासाठी, तीही कधीमधी आणि थोडी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच ग्लास बसतात, म्हणजे चार-पाच जणांच्या जेवणाला एक बाटली पुरते.

मी पीत नाही. मग मी नाशिकला येऊन काय करू? आणि मुलं?

भरपूर. बागेतून फिरा, टाक्या आणि पिंपांचं कोठार बघा, पाण्याकाठी सूर्यास्त बघत बसा. मुलांना मोहाडीला सह्याद्री फार्म्समध्ये न्या, द्राक्ष शेतातून खोक्यापर्यंत कसं जातं ते त्यांना कळेल. बुधा हलवाईची जिलबी खाऊ घाला, कोंडाजी चिवडा घरी न्या. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, त्यामुळे कॉलेजच्या मुलांनी "नुसती चव" म्हणून आग्रह धरला तरी नाहीच.

आणि ग्लासात काय आहे यापेक्षा बसायची सवय महत्त्वाची वाटते मला. आपल्याकडे मोकळा वेळ मिळाला की लगेच काहीतरी कामाला लागतो, नाहीतर फोन उघडतो. उन्हाळ्यात आमच्या घरी संध्याकाळी गच्चीवर पन्ह्याचे पेले येतात. कैरी उकडलेली की भाजलेली, वेलची जास्त झाली का, गूळ कुठला, यावर अर्धा तास बोलणं होतं. वाइनच्या टेबलावर याहून वेगळं काही घडत नाही. पाऊस लागल्यावर खिडकीत बसून आल्याचा चहा घेणं आणि त्या वेळात दुसरं काहीही न करणं, हीसुद्धा मेजवानीच आहे.

सासू-सासरे येणार आहेत. जेवणात वाइन ठेवावी का?

आधी नवऱ्याकडून त्यांचं मन जाणून घ्या. त्यांना रुचत नसेल तर त्या दिवशी नको, मोठ्यांना आपल्याच घरात अवघडल्यासारखं होता कामा नये. रुचत असेल तर गाजावाजा न करता, ताटं वाढल्यावर, लहान ग्लासांत द्या. पिणं म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर गटारीचा धिंगाणा येतो, त्यांची भीती अनाठायी नाही. कितीतरी घरं दारूने उद्ध्वस्त झालेली त्यांनी पाहिली आहेत. त्यांना पटवून द्यायला जाऊ नका. आग्रह तर कधीच करू नका. "अहो, घ्या ना थोडी" हे वाक्य आमटीसाठी राखून ठेवावं.

सुपरमार्केटमध्ये वाइन का मिळत नाही?

जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वेगळ्या कपाटातून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो विषय बाजूला पडला. द्राक्ष उत्पादकांना बाजार मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं, तरी किराण्याच्या शेजारी बाटली ठेवायला माझाही विरोध आहे. नीट माहिती देणारं, गार जागेत माल ठेवणारं दुकान जास्त उपयोगाचं.

गोव्याची पोर्ट वाइन चांगली का?

मूळ पोर्ट पोर्तुगालमधल्या दोरू खोऱ्याची. आंबवण मधेच थांबवायला त्यात द्राक्षाचं मद्य घालतात, म्हणून ती गोड आणि कडक. गोव्यात त्या नावाने मिळते ती बहुतेकदा साधी गोड लाल वाइन. कित्येकांची वाइनशी पहिली ओळख तिनेच झाली आणि ख्रिसमसच्या केकबरोबर ती अजून आवडीने घेतली जाते, त्यामुळे मी तिला नावं ठेवणार नाही. पण गोव्याची खरी ओळख चाखायची असेल तर मार्च ते मे दरम्यान उर्राक प्या. काजूच्या बोंडूच्या रसाची पहिली धार. पुढच्या ऊर्ध्वपातनातून फेणी होते, तिला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक फेणीपेक्षा सौम्य असते. लिंबू सोडा, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, आणि समोर तळलेले मासे. जास्त टिकत नाही, म्हणून त्या दिवसांत तिथे असाल तरच मिळते.

आम्ही परदेशात राहतो. मिसळीबरोबर तिथली कोणती वाइन घ्यावी?

जर्मन रीझलिंग, लेबलवर 'काबिनेट' असलेली. हलकी, किंचित गोड, अल्कोहोल कमी. किंवा फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली वुव्रे. ती शेनिन ब्लाँचीच असते, म्हणजे आमच्या नाशिकच्या वेलीची थोरली बहीण. दक्षिण आफ्रिकेची शेनिनही सहज आणि स्वस्तात मिळते. काळ्या रश्श्याला फ्रान्समधल्या उत्तर ऱ्होनची सिरा बघा. शिराझ आणि सिरा ही एकच जात.

यायचं कसं? गाडी स्वतः चालवत आलं तर चालेल?

मुंबईहून साधारण १७० किलोमीटर, पुण्याहून २१०. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसाऱ्याच्या घाटातली कटकट वाचते. रेल्वेने यायचं तर मुंबईहून सकाळची तपोवन एक्सप्रेस आणि परतताना सकाळची पंचवटी. नाशिक रोड स्टेशन शहरापासून लांब आहे, रिक्षा किंवा टॅक्सीचा वेळ धरा.

टेस्टिंग केल्यावर मात्र स्टिअरिंगला हात लावू नका. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, ती फार लवकर ओलांडली जाते. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि त्या रस्त्यांवर संध्याकाळी सायकलवरून घरी जाणारे मजूर असतात, बिनदिव्याचे ट्रॅक्टर असतात. दिवसभराची टॅक्सी करा, नाहीतर मुक्काम करा. गंगापूर धरणाजवळ पर्यटन महामंडळाचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, वायनरींच्या स्वतःच्या खोल्याही आहेत.

घरी फक्त एकच बाटली न्यायची तर कोणती?

शेनिन ब्लाँ. नाशिकमध्ये ती चांगली रुळली आहे, आपल्या मसाल्यांना सांभाळून घेते, आणि वाइन कधीच न घेतलेल्या माणसालाही परकी वाटत नाही. ताज्या वर्षाची घ्या. उन्हाळा असेल तर गाडीच्या डिकीत ठेवू नका, आत पायाशी ठेवा, सोबत ओला पंचा गुंडाळा. घरी पोचल्यावर बाटली एक दिवस आडवी फ्रिजमध्ये राहू दे, आणि दुसऱ्या दिवशी अळूवड्या करा.